सोंगाड्याला सज्जन करू नका

टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तली मंडळी एकेक करून सिनेमाच्या पोस्टरच्या मधोमध येऊ लागली आहेत. 'एकदा येऊन तर बघा' येऊन गेला, 'गुलकंद'मध्ये समीर चौघुले केंद्रस्थानी आले. विनोदी नटाला अखेर बढती मिळाली म्हणून कौतुक चाललंय. मला ही बढतीच खटकते. नायकाचा मित्र असताना जो गडी नायकाच्या प्रेमाची आणि सासऱ्याच्या पैशाची यथेच्छ टर उडवायचा, तोच मध्यंतरानंतर डोळे पुसत कुटुंबाचं महत्त्व सांगू लागतो. मागे व्हायोलिन असतंच.

दादा कोंडक्यांनी ही चूक केली नाही. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये हवालदार रंगवताना सत्तेची फिरकी घ्यायची सवय त्यांच्या अंगात मुरली होती. १९७१ साली 'सोंगाड्या' आला तेव्हा त्यांनी नाम्याला नायक केलं नाही, नायकाची जागाच मोडीत काढली. ढगळ चड्डी, लोंबती नाडी, आयेचा धाक आणि तमाशाचं वेड. नाम्या शेवटपर्यंत बावळटच राहतो आणि तरी पडदा त्याचाच असतो. द्व्यर्थी संवादांवर नाकं मुरडणाऱ्यांना हे धाडस कधी दिसलंच नाही.

हिंदीतल्या विनोदी मेहमूदनं मात्र ती केली: त्याचा 'कुंवारा बाप' म्हणजे रडारड. आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या विनोदी सिनेमांच्या धुमाकुळाबद्दल काय बोलायचं?

त्याच धुमाकुळातल्या लक्ष्मीकांत बेर्डेंच्या वाट्याला मात्र 'एक होता विदूषक' आला. १९९२, पटकथा पु. लं.ची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. तमाशातला आबुराव सिनेमाचा स्टार होतो, मग राजकारणी त्याला वापरून घेतात, आणि मोठेपणाच्या प्रत्येक पायरीवर त्याच्या जिभेची धार जाते. आजच्या बढतीचं निदान त्यात तेव्हाच झालं होतं. प्रेक्षकांना हवा होता नेहमीचा लक्ष्या, त्यांनी पाठ फिरवली.

आम्हा वाशीमकडच्यांचा प्रश्न याच्याही आधीचा आहे: आमचा माणूस मधोमध पोचतच नाही. 'चला हवा येऊ द्या'मधून भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोली घरोघरी नेली. त्यातून सिनेमावाल्यांनी काय घेतलं? शिपाई, हवालदार, सरपंच यांच्यापैकी कुणीतरी 'काऊन बाप्पा' म्हणायचं आणि पब्लिकनं हसायचं. वऱ्हाडी माणूस हास्यास्पद नसेल तर तो गळफास घेणारा शेतकरी असतो. मधला माणूस यांना दिसतच नाही.

दिग्दर्शक सतीश मन्वरांना तो दिसला होता. 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये नवरा जिवाचं बरंवाईट करील या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवते, आणि त्या पाळतीचंच हसू येतं. रमेश इंगळे उत्रादकरांच्या 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीत शेजारच्या बुलढाण्यातल्या साक्षरता अभियानाचं सोंग असंच उघडं पडतं. म्हणजे माल इथंच आहे. पण मराठी सिनेमा अजून ठरवून बसलाय की प्रेम करावं पुणेरी मराठीत आणि पाय घसरून पडावं वऱ्हाडीत. हा आळस आहे, आणि त्याला विनोद म्हणायला माझी तयारी नाही.

मुंबईकडून अपेक्षा नाही. रिसोड-मंगरूळपीरच्या गॅदरिंगला नाटुकली लिहिणाऱ्या पोरांनो, आता दोन तासांचं लिहा. सोयाबीनच्या भावावरून अडत्याशी हुज्जत घालणारा, पीकविम्याच्या अर्जाची टर उडवणारा माणूस मधोमध उभा करा, आणि शेवटच्या रिळात त्याला सज्जन करू नका.