जनतेला जिंकण्याचे शास्त्र

एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने १९६४ साली इंग्रजीत लिहिलेल्या लहानशा पुस्तकाचा परामर्श या त्रैमासिकात कशासाठी, असे वाचक विचारतील. आमचे चांदूर हे 'रेल्वे'चे चांदूर. येथून गाडीत बसून वर्धा गाठले आणि तेथून बल्लारशाहच्या मार्गाला लागले, तरी गडचिरोलीचे रान पुढे बरेच दूर राहते. अल्जीरियाची तर गोष्टच सोडा. तथापि अमरावतीच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या कॅम्पातून तुकड्या वर्षानुवर्षे गडचिरोलीच्या बंदोबस्तावर जात आल्या आहेत. मुलाची ड्यूटी 'तिकडे' लागली म्हटले की घरातल्या आईच्या घशाखाली घास उतरत नसे, हे वऱ्हाडातील कोणत्याही गावाला सांगावे लागत नाही. त्या दीर्घ संघर्षाचे पारडे २०२५ साली निर्णायक झुकले. मे महिन्यात अबुझमाडच्या जंगलात माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. १५ ऑक्टोबर रोजी गडचिरोलीत भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. केंद्र सरकारने तर नक्षलवाद संपविण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीखच जाहीर केली होती. अशा वेळी विजय कशाने मिळतो, आणि विजय म्हणजे नेमके काय, हे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. दावीद गालुला याचे 'काउंटरइन्सर्जन्सी वॉरफेअर' हे पुस्तक या प्रश्नाला सरळ भिडते, म्हणून ते निवडले.

गालुलाचा जन्म १९१९ मध्ये ट्युनिशियातील स्फाक्स शहरी झाला. चीनमधील यादवी युद्ध त्याने जवळून पाहिले. १९४७ मध्ये तो काही दिवस कम्युनिस्टांच्या ताब्यातही होता आणि त्या दिवसांचा उपयोग त्याने त्यांची पद्धत न्याहाळण्यासाठी केला. पुढे १९५६ ते १९५८ या काळात अल्जीरियाच्या काबिली डोंगरात एका कंपनीचा प्रमुख म्हणून त्याने स्वतःचे विचार पडताळून पाहिले. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा अल्जीरिया स्वतंत्र होऊन दोन वर्षे लोटली होती. म्हणजे ज्या युद्धातून हे शास्त्र निघाले ते युद्ध लेखकाचा देश हरला होता, ही गोष्ट वाचकाने पानोपानी मनाशी ठेवावी. गालुला मे १९६७ मध्ये वारला, फारसा कोणाला ठाऊक नसताना. त्याच महिन्याच्या अखेरीस दार्जिलिंग जिल्ह्यातील नक्षलबारीत ठिणगी पडली. चाळीस वर्षांनी इराकमध्ये अडकलेल्या अमेरिकी सैन्याने २००६ सालच्या आपल्या युद्धपुस्तिकेत त्याचे विचार मुक्तहस्ते घेतले आणि तो एकाएकी प्रसिद्धीस आला. त्याच्या स्वतःच्या फ्रेंच भाषेत हे पुस्तक उतरले ते २००८ साली!

पुस्तकाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. बंडखोर आणि सरकार यांच्यातील युद्ध भूमीसाठी नसून लोकांसाठी असते. कोणत्याही गावात थोडे लोक बंडाच्या बाजूचे, थोडे विरुद्ध आणि बहुसंख्य तटस्थ असतात. सरकारने आपल्या बाजूच्या थोड्यांना हाताशी धरून तटस्थांना वळवावयाचे. लोकांचा पाठिंबा मात्र नेहमी सशर्त असतो. उद्या सकाळी पोलीस निघून जाणार असतील, तर आज रात्री कोणी त्यांच्याशी बोलणार नाही. यास्तव एकेक टापू निवडून तेथे ठाण मांडावे, गावात राहावे, शिरगणती करावी, शाळा नि दवाखाना चालवावा, गुप्त संघटना मोडावी, निवडणुकीने नवे गावकारभारी पुढे आणावेत आणि मगच पुढील टापूकडे वळावे. या युद्धात शस्त्राचा वाटा एक पंचमांश आणि राजकारणाचा चार पंचमांश, हे प्रमाणही तो मान्य करतो. सारे इतक्या कोरड्या, स्वच्छ भाषेत सांगितले आहे की शत्रूलाही त्याबद्दल आदर वाटावा. आम्हांस तो वाटला. 'लोकांची मने जिंका' असल्या गुळगुळीत घोषणेत तो अडकत नाही. भयग्रस्त माणसाकडून प्रेमाची अपेक्षा करणे हा निव्वळ भाबडेपणा आहे, हे त्याला पक्के कळले होते.

आता हा ग्रंथ गडचिरोलीवर धरून पाहू. १९८० साली आंध्रात 'पीपल्स वॉर' पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षी गोदावरी ओलांडून त्याची माणसे सिरोंचाच्या बाजूने आली. त्यांनी प्रथम लेनिन-माओ शिकविला नाही. तेंदूपत्ता तोडाईचा आणि बांबू कटाईचा भाव त्यांनी कंत्राटदारांकडून वाढवून घेतला. जंगलातून सरपण आणले म्हणून कोंबडी मागणाऱ्या वनरक्षकाला दम भरला. बंडाला प्रथम एक 'कारण' लागते असे गालुला म्हणतो, ते कारण हे होते. पण कारण पुरेसे नसते, हेही तो बजावतो. दुबळे प्रशासन, अनुकूल भूगोल आणि बाहेरचा आधार हेही लागते. याची साक्ष आमच्या जिल्ह्यातच आहे. मेळघाटातील कोरकूंची गरिबी माडियांच्या गरिबीहून उणी नव्हती. वनखात्याचा जाच तोच. १९९३ साली तेथील बालमृत्यूंनी अवघा महाराष्ट्र हादरला होता. तरी मेळघाटात दलम उभे राहिले नाही. पलीकडे तेलंगण आणि बस्तर नव्हते, बाहेरून येऊन रुजणारे कोणी नव्हते. 'दारिद्र्यातून नक्षलवाद जन्मतो' हे सभासंमेलनांतले सोपे वाक्य म्हणून आम्हांस अपुरे वाटते. आणि त्याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे: मेळघाटाने बंदूक उचलली नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष द्यावयाचे कारण राज्यकर्त्यांना उरले नाही काय?

बंदुकीचे पुढे काय झाले, हे सर्वविदित आहे. ज्या दलमने भाव वाढवून दिला तेच कंत्राटदारांकडून खंडणी घेऊ लागले, आणि 'खबऱ्या' ठरवून शेकडो आदिवासींना, पोलीस पाटलांना, सरपंचांना त्यांनी ठार केले. सरकारनेही धडे हळूहळू गिरविले. १ डिसेंबर १९९० रोजी पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ स्थानिक तरुणांचे पथक उभारले, तेच 'सी-६०'. रान ओळखणारा, गोंडी-माडिया बोलणारा शिपाई ही गालुलाच्या कल्पनेतील आदर्श गोष्ट होय. तरी ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले आणि १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याच्या भूसुरुंगात १५ पोलीस व त्यांचा चालक गेला. दुसऱ्या बाजूने एप्रिल २०१८ मध्ये इंद्रावतीच्या काठी कसनसूर-बोरियाला चाळीस जण आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला सव्वीस-सत्तावीस जण ठार झाले. त्यांत आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी भागातला मिलिंद तेलतुंबडे होता. २००५ पासून आत्मसमर्पणाचे धोरण आले. पोलीस ठाण्यांतून 'दादालोरा खिडकी' उघडली गेली. जातीचा दाखला, योजनांचे अर्ज तेथे मिळू लागले. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी-गर्देवाडा मार्गावर पहिल्यांदा एस.टी. धावली आणि त्याच दिवशी भूपतीची पत्नी तारक्का हिने शरणागती पत्करली.

हे सारे गालुलाच्या पुस्तकातील पायऱ्यांप्रमाणे घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याचेच एक सूत्र येथे विसरले जात आहे. सैनिकाने शिक्षक आणि वैद्य व्हावे ते तात्पुरते. मुलकी माणूस उपलब्ध होताच त्याने बाजूला व्हावे, असे तो सांगतो. जातीचा दाखला पोलीस ठाण्याच्या खिडकीतून मिळतो ही शिपायाच्या कौतुकाची गोष्ट आहे खरी. तहसील कचेरीच्या मात्र नव्हे.

गालुलाचे एखादे सूत्र अर्धवट उचलले तर काय होते, याचा धडा शेजारच्या छत्तीसगडने दिला. २००५ मध्ये तेथे 'सलवा जुडूम' सुरू झाले. आपल्या बाजूच्या थोड्यांना हाताशी धरावयाचे, हे सूत्र. त्याचा अर्थ पोरांच्या हाती बंदुका देऊन शेजारच्या गावांवर सोडणे असा लावला गेला. शेकडो गावे ओस पडली, माणसे छावण्यांत कोंडली गेली. मलायात ब्रिटिशांनी १९५० नंतर सुमारे पाच लाख लोकांना नव्या वसाहतींत हलविले होते, तो कित्ता बहुधा डोळ्यांपुढे असावा. ५ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी आणि निज्जर यांच्या खंडपीठाने अशा रीतीने आदिवासी तरुणांना शस्त्रे देणे घटनाबाह्य ठरविले. दरम्यान बस्तरमध्ये माओवादी दुबळे न होता बळावलेच. एप्रिल २०१० मध्ये ताडमेटल्याला ७६ जवान पडले ते याच काळात.

आता आमचा मुख्य आक्षेप. गालुलाच्या लेखी जनता हे जिंकावयाचे बक्षीस आहे. ती मोजली जाते, राखली जाते, वळविली जाते. ती काही मागते आहे, हे मात्र पुस्तकात क्वचितच ऐकू येते. याचे कारण त्याने प्रांजळपणे नोंदविले आहे: जे गाऱ्हाणे मान्य केल्याने आपली सत्ताच जाईल ते सत्ताधारी मान्य करू शकत नाही. काबिलीच्या शेतकऱ्याला हवे होते स्वातंत्र्य, आणि ते देणे फ्रेंच कप्तानाच्या हाती नव्हते. म्हणून त्याने शाळा दिली, दवाखाना दिला, रस्ता दिला, आणि इतके देऊनही हरला. त्या युद्धात फ्रेंच सैन्याने कैद्यांचा जो छळ केला त्याविषयीही गालुला हात राखूनच आहे. लोकांत मिसळणाऱ्या सैनिकाने चौकशीच्या कामात पडू नये, ते जाणकारांवर सोडावे, इतपत सांगून तो पुढे सरकतो. जाणकारांनी काय करू नये, हे सांगण्यास तो थांबत नाही.

आपली गोष्ट वेगळी होती, आणि हेच आम्हांस अधिक लाजिरवाणे वाटते. माडियाला जे हवे होते ते दिल्याने भारताचे प्रजासत्ताक मोडणार नव्हते. ते संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत होते, १९९६ च्या पेसा कायद्यात होते, २००६ च्या वनहक्क कायद्यात होते. फ्रेंच कप्तानाची झोळी रिकामी होती. आमची भरलेली होती आणि तिचे तोंड बांधलेले होते. पोप सहावे पॉल यांनी नक्षलबारीच्या दोनच महिने आधी, मार्च १९६७ मध्ये, 'पोपुलोरुम प्रोग्रेस्सिओ' या परिपत्रकात हिंसक उठावाने नवे अन्याय जन्मतात असा इशारा दिला होता आणि लगेच धाडसी सुधारणांची निकडही सांगितली होती. आपल्याकडील प्रवचनांत पहिला भाग पुष्कळ ऐकू आला.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य वेचणारे विलास मनोहर यांच्या कादंबरीचे नाव 'एका नक्षलवाद्याचा जन्म' असे आहे. तिचा नायक माडिया तरुण आहे. गालुलाच्या पुस्तकाशेजारी ती ठेवली की उणीव तत्काळ ध्यानी येते. चकमकीनंतर मृतांचा आकडा प्रसिद्ध होतो. त्या वर्षी त्या रानात किती जन्मले, ते कोण मोजणार? आमच्या वाचनालयात दोन्हींपैकी एकच घेण्याइतके पैसे असतील तर वाचकांनी मनोहरांची कादंबरी घ्यावी.

आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. संघटना वेगळी आणि तिच्यासारखेच गाऱ्हाणे मांडणारा सज्जन वेगळा, हा भेद राखता आला नाही तर तटस्थ माणूस दुरावतो. हे गालुलाच्या तर्कातूनच निघते. झारखंडच्या आदिवासींत काम करणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी अटक झाली; ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत कोठडीत असतानाच त्यांचे निधन झाले. आरोप त्यांनी नाकारले होते आणि त्यांच्यावरील खटला कधी चाललाच नाही. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने जहाल डाव्या संघटनांविरुद्ध जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याच्या अंमलबजावणीत हा भेद राखला जातो की नाही, इकडे आमचे लक्ष राहील.

मग गडचिरोलीत कोणाची सरशी झाली? आमचे उत्तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे बोट दाखविते. २००९ साली त्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्याचा वाहतूक परवाना वनखात्याने अडवून धरला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्याने स्वतः येऊन तो ग्रामसभेच्या हाती दिला तेव्हा गावाने आपला बांबू आपण विकला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतःच केला. १९८० साली ज्या भावावरून दलमने गावात पाय रोवला, तो भाव आता ग्रामसभा ठरविते. पोलिसांनी संरक्षण दिले नसते तर कित्येक गावांत ही सभाच भरली नसती, हे आम्ही नाकारीत नाही. गालुलाचे तिसरे सूत्र तेथे खरेच आहे. पण केवळ पोलीस असते आणि हा कायदा नसता, तर काबिलीचीच पुनरावृत्ती झाली असती.

पुस्तकातील आठवी पायरी उरल्यासुरल्या बंडखोरांचा बंदोबस्त करण्याची आहे. तेथे ते संपते. शस्त्रे ठेवून गावी परतणाऱ्याचे पुढे काय, याला नववे प्रकरण नाही. येथे ते लिहावे लागणार आहे, आणि ते सोपे नाही. वनहक्क कायद्यानुसार आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात असल्याचे दाखवावयाचे असते. त्या दिवशी जो दलमबरोबर रानात हिंडत होता, त्याने आता तहसील कचेरीत कोणता पुरावा न्यावा?