मिलिंदाची रौप्यनाणी आणि ‘ध्रमिक’ हे बिरुद

मिलिंद हे नाव महाराष्ट्रातील बौद्ध वाचकाला परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयामुळे आणि त्याच्या नागसेनवन परिसरामुळे ‘मिलिंद पञ्ह’ या ग्रंथातील दोन्ही नावे येथे घरोघरी पोहोचली आहेत. साहजिकच, मिलिंदाचे म्हणून दाखविले जाणारे रौप्यनाणे हाती आले की संग्राहकाच्या मनात आदर आधी उपजतो आणि चिकित्सा मागाहून येते. या आदरातून बळावलेल्या एका मताची समीक्षा येथे आम्ही करू इच्छितो. ते मत असे की, ‘ध्रमिक’ हे बिरुद असलेली नाणी मिलिंदाने धम्म स्वीकारल्यानंतर पाडली.

प्रथम मिलिंदाची, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर याची नेहमीची रौप्यनाणी पाहू. यांतील लहान नाणे, म्हणजे द्रम्म, सुमारे २.४ ग्रॅम वजनाचे असते. ग्रीक परिमाणाचा द्रम्म ४.३ ग्रॅमच्या आसपास असे. म्हणजे हे नाणे भारतीय बाजारासाठी वेगळ्या परिमाणावर पाडले होते. दर्शनी बाजूस राजाचा अर्धपुतळा असतो: कधी मस्तकाला पट्ट बांधलेला, कधी शिरस्त्राण घातलेला, तर कधी पाठमोरा, भाला उगारलेला. भोवती ग्रीक लेख असतो. मागील बाजूस वज्र आणि ढाल धारण केलेली अथीना देवी आणि खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असा लेख असतो. ‘त्रतर’ म्हणजे त्राता. ग्रीक ‘सोतेर’ या बिरुदाचे ते भाषांतर होय.

याच नावाची दुसरीही नाणी आहेत. त्यांवर त्राता नसून ग्रीकमध्ये ‘दिकाइओस’ व खरोष्ठीत ‘ध्रमिक’ असे बिरुद आढळते. टार्न (१९३८) आणि अ. कि. नारायण (१९५७) यांनी एकच मिनँडर मानला. या नाण्यांवरील चेहरा अधिक वयस्क दिसतो. तेव्हा उतारवयात राजा धार्मिक झाला, ही कल्पना मोहक होती. परंतु पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील संग्रहाची ओस्मंड बोपेआराच्ची यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली सूची आणि त्यानंतरचे संशोधन पाहता शैली, प्राप्तिस्थाने आणि मोनोग्राम (ग्रीक अक्षरे गुंफून केलेली चिन्हे) या तिन्ही कसोट्यांवर दोन निरनिराळे राजे मानावे लागतात. दुसरा मिनँडर पहिल्यानंतर बराच उशिरा झाला. हा निर्णय आम्हाला ग्राह्य वाटतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न शब्दाचा आहे. ‘दिकाइओस’ म्हणजे न्यायी. हे बिरुद झोइलस, हेलिओक्लीज, आर्केबिअस अशा इतर राजांनीही धारण केले आणि त्यांच्याही नाण्यांवर ‘ध्रमिक’ हाच प्रतिशब्द आहे. त्या सर्वांना बौद्ध ठरविण्याचे धाडस कोणी करीत नाही. उलट, १९५८ मध्ये प्रकाशात आलेल्या कंदाहारच्या अशोकलेखात ‘धम्म’ या शब्दासाठी ‘युसेबेइया’, म्हणजे भक्तिभाव, हा ग्रीक शब्द योजला आहे; ‘दिकाइओस’शी त्याचा संबंध नाही. म्हणून केवळ या बिरुदावरून धम्मदीक्षा सिद्ध होत नाही, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

चक्राचे काय? आठ आऱ्यांचे चक्र पहिल्या मिनँडरच्या दुर्मीळ तांब्याच्या नाण्यांवर आहे; मागील बाजूस ताडपत्राची फांदी आहे. ते धम्मचक्र असू शकेल, चक्रवर्तित्वाचे चिन्हही असू शकेल. एवढ्यावरून अथीना असलेल्या प्रत्येक रौप्यनाण्याला ‘बौद्ध राजाचे नाणे’ अशी चिठ्ठी चिकटविणे हा अतिरेक होय.

यामुळे मिलिंदाचे बौद्धत्व खंडित होते काय? मुळीच नाही. त्याचा आधार ‘मिलिंद पञ्ह’ आहे. शिवाय प्लुटार्कने नोंदविले आहे की, मृत्यूनंतर या राजाच्या अस्थींसाठी नगरांत वाद झाला व त्यांचे वाटप होऊन स्मारके उभारली गेली. तथागतांच्या धातुविभाजनाची आठवण करून देणारी ही नोंद ग्रीक लेखकाची आहे, म्हणूनच तिचे मोल अधिक. जे नाण्याने सांगितलेले नाही ते त्याच्या तोंडी घातल्यास खऱ्या पुराव्याचेच वजन घटते.

संग्राहकाने बिरुद, लेख, वजन, मोनोग्राम आणि ठसा सर्व जुळवून पाहावे. एकाच ठशाच्या दोन अस्सल नाण्यांची चित्रे जुळतात, पण चकतीची कड आणि चित्राचे स्थान सहसा जुळत नाही. दोन नाण्यांचे खाचखळगेही हुबेहूब सारखे असतील तर ती साच्यात ओतली असण्याचा संशय घ्यावा. प्राप्तिस्थान लिहून ठेवावे. अफगाणिस्तानातील मीर झका येथे १९९० च्या दशकात उकरलेल्या प्रचंड ठेव्यातील नाणी बाजारात विखुरली आणि ती कोणत्या थरातून आली हे कायमचे हरवले. श्रद्धेने नाणे महागात घेणारा अशाच लुटीला हातभार लावतो, हे उपासकांनी विसरू नये.

नागसेनांनी मिलिंदाला रथाच्या उदाहरणाने समजाविले की आस, चाक, जू यांपैकी कोणतेही एक म्हणजे रथ नव्हे. नाण्याचेही तसेच आहे: एका शब्दावरून राजा ओळखू नये.