उडाले, म्हणून उडते का?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने विमान बांधण्याच्या पुस्तकावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आम्ही आयुष्यभर वर्गात धूर आणि अग्नीची उदाहरणे देत आलो. एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारायचा, "सर, अनुमान चुकलंच, तर त्या डोंगरावर कुणाचं काय बिघडतं?" प्रश्न रास्त होता. आज जे पुस्तक आम्ही घेतले आहे, त्यातले एक अनुमान चुकले आणि माणसे मेली. म्हणून हे पुस्तक तत्त्वज्ञानाच्या वर्गात वाचण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

लेखक आंरी मिन्ये, फ्रेंच माणूस, जन्म १८९३. पुस्तक १९३४ चे, 'ल स्पोर द लेअर', म्हणजे हवेतला खेळ. दुसऱ्याच वर्षी ते इंग्रजीत आले. विषय एकच : सामान्य माणसाने घरच्या घरी, स्वतःच्या हाताने, परवडेल अशा खर्चात विमान कसे बांधायचे आणि मग ते उडवायला स्वतःच कसे शिकायचे. त्या विमानाचे फ्रेंच नाव 'आकाशातली ऊ' अशा अर्थाचे. इंग्रजांनी उवेची पिसू केली आणि ते 'फ्लाइंग फ्ली' म्हणून प्रसिद्ध झाले. लेखकाच्या आराखड्यांतला हा चौदावा, म्हणून त्याचे अधिकृत नाव एचएम १४.

विमान कसले, प्लायवूडची एक पेटी म्हणा. पंखांचा विस्तार सुमारे सहा मीटर, लांबी साडेतीन मीटरच्या आसपास. लाकूड, सरस, कापड, तारा आणि एक लहानसे दोन स्ट्रोकचे इंजिन. सप्टेंबर १९३३ मध्ये मिन्ये यांनी ते स्वतः उडवले, आणि १३ ऑगस्ट १९३५ रोजी तेच बेत असलेल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. ब्रिटनमध्ये अक्षरशः लाट आली. गॅरेजात, परसात, चर्चच्या सभागृहात लोक पिसवा बांधू लागले. नोंदणी झालेल्याच शंभरावर होत्या.

आता पुस्तकाकडे. आमच्या मते लेखनाच्या दृष्टीने हे पुस्तक फार वरच्या दर्जाचे आहे. लेखक वाचकाशी मित्रासारखा बोलतो. चित्रे स्वतःच काढतो. कुठली फळी कशी कापायची, सरस कधी लावायचा, कापड कसे ताणायचे, हे सगळे तो अशा तऱ्हेने सांगतो की वाचता वाचता हात शिवशिवू लागतात. ज्याला साधे खोके ठोकता येते त्याला विमान अवघड नाही, हा या पुस्तकाचा सूर आहे. मोठमोठे कारखाने, गणिती, सरकारी तज्ज्ञ यांची तो यथेच्छ थट्टा करतो. या थट्टेमागे एक खरी वेदना आहे. मिन्ये यांना नेहमीच्या पद्धतीचे विमान नीट चालवता येत नव्हते. हाताने दांडा, पायाने पॅडल, दोन्हींचा मेळ घालायचा, तो त्यांना जमेना. माणसाला जमत नसेल तर यंत्र बदला, असे त्यांनी ठरवले. हा विचार आम्हाला आजही थोर वाटतो. यंत्रापुढे अवघडलेल्या प्रत्येकाच्या वतीने त्यांनी तो केला.

त्यांनी बदलले काय, ते थोडे समजून घेऊ. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

साध्या विमानाला एक मोठा पंख आणि शेपटीला एक छोटी आडवी पट्टी असते. पिसवेला एकामागे एक असे दोन पंख. पुढचा थोडा वर, मागचा थोडा खाली, आणि दोघांमध्ये एक फट. नेहमीच्या विमानात पंखांच्या टोकांना हलणाऱ्या पट्ट्या असतात, इथे त्या नाहीतच. दांडा बाजूला कलवला की मागचे सुकाणू वळते. दांडा मागे ओढला की तारा पुढच्या पंखाची मागची कड खाली खेचतात. अख्खा पंख बिजागरीवर फिरतो, त्याचा कोन वाढतो, उचल वाढते आणि नाक वर येते. पॅडलची भानगड नाही. सगळे काम एका हाताने.

म्हणजे या पुस्तकाचे मुख्य विधान असे : दांडा मागे ओढला की नाक वर येते. मिन्ये यांनी ते शंभर वेळा अनुभवले. खाडी ओलांडताना अनुभवले. यात खोटे काही नव्हते.

आणि तरीही १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये एकामागून एक प्राणघातक अपघात झाले. विमान नाक खाली करून सूर मारायचे आणि वर यायचेच नाही. चालवणारे सगळेच काही नवशिके नव्हते, हवाई दलातली अनुभवी माणसेही त्यांत होती. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये पॅरिसजवळ शाले-म्यूदोंला मोठ्या विंड टनेलमध्ये खरीखुरी, पूर्ण आकाराची पिसू बसवून तपासणी झाली. आढळले ते असे : समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या तुलनेत विमान सुमारे पंधरा अंश खाली झुकले, की दांडा पूर्ण मागे ओढूनही नाक वर आणण्याइतका जोर उरत नाही. कारण त्या दोन पंखांमधली फट. पुढच्या पंखाची मागची कड खाली आली की फट अरुंद होते, तिच्यातून हवा वेगाने जाते आणि मागच्या पंखाची उचल वाढते. मागची उचल वाढली म्हणजे शेपटी वर, नाक खाली. जो हात विमान वाचवण्यासाठी दांडा ओढत होता, तोच त्याला खाली दाबत होता.

इथे आमचे जुने न्यायशास्त्र कामाला येते. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे विधान नैयायिक मान्य करत नाहीत. का? लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघतो तो इंधन ओले असेल तेव्हा. ही जी न सांगितलेली, विधानाच्या पोटात लपून बसलेली अट, तिला शास्त्रात 'उपाधी' म्हणतात. ज्याने आयुष्यभर ओल्या लाकडांचाच जाळ पाहिला, त्याला ही अट कधी दिसणारच नाही. त्याचा अनुभव खरा, त्याची संख्या मोठी, पण त्यातून काढलेला नियम मात्र खोटा.

मिन्ये यांचे नेमके हेच झाले. त्यांच्या विधानाला उपाधी होती : विमान एका मर्यादेपलीकडे खाली झुकलेले नसेल तर. त्यांच्या विमानात, त्यांच्या वजनाला, त्यांच्या हाताला ही अट आपोआप पाळली जात होती. पुस्तक वाचून बांधणाऱ्यांकडे ती पाळली जाईल याची हमी कुठे होती? ब्रिटनमध्ये एकेकाने वेगवेगळी इंजिने बसवली, मोटारीच्या इंजिनापर्यंत मजल गेली. इंजिन बदलले की वजन बदलते, वजन बदलले की तोल सरकतो. कागदावर नाव तेच राहिले, आकाशात मात्र प्रत्येक विमान निराळे होते.

कुणी म्हणेल, लेखकाने फसवलं. आम्हाला ते पटत नाही. आपल्याकडे आप्तवाक्य प्रमाण मानतात. आप्त कोण? जो गोष्ट जशी आहे तशी जाणतो आणि तशीच सांगू इच्छितो. यातली दुसरी कसोटी मिन्ये शंभर टक्के उतरतात. प्रामाणिकपणात ते कुठेही कमी नाहीत, स्वतःचा जीव त्यांनी त्याच पेटीत घातला होता. कमतरता पहिल्या कसोटीत आहे. आणि पुस्तकाचा मोठा दोष हा की त्यातला आपलेपणा वाचकाला पहिली कसोटी विसरायला लावतो. इतका मोकळा, इतका सच्चा माणूस सांगतोय, म्हणजे बरोबरच असणार! जिव्हाळ्याने लिहिलेल्या गद्याची ही ताकद आहे आणि धोकाही तोच. तज्ज्ञांची थट्टा वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता ज्याने फटीबद्दल प्रश्न विचारला असता त्यालाच दाराबाहेर ठेवतो.

दुसरी एक गोष्ट या पुस्तकातल्या सुरामुळे झाकली जाते. विमान 'बांधणे' आणि विमान 'लावून घेणे' ही दोन कामे आहेत. दुसऱ्याला रिगिंग म्हणतात. पंख बसवला म्हणजे झाले नाही. तो किती कोनात बसला, दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे पाणसळ आणि ओळंबा लावून पाहायचे. दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीपर्यंत टेप धरायची, दोन्ही अंतरे जुळली पाहिजेत. तारांचा ताण टर्नबकल फिरवून सारखा करायचा आणि टर्नबकल परत सुटू नये म्हणून त्याला बारीक तारेने बांधून टाकायचे. शेवटी बसून दांडा हलवायचा आणि पाहायचे : डावीकडे कलवला तर सुकाणू डावीकडेच वळते ना? हसू नका. तारा उलटसुलट जोडल्या गेल्यामुळे विमाने पडलेली आहेत.

ब्रिटनमध्ये नियंत्रणाच्या अशा जोडणीनंतर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पुन्हा तपासायचे, अशी पद्धत आहे. यामागे संशय नाही, एक ज्ञानमीमांसेचा मुद्दा आहे. ज्याने तार जोडली त्याचा डोळा जोडलेली तार पाहत नाही, जोडायची ठरवलेली तार पाहतो. स्वतःच्या लेखातल्या मुद्रणचुका लेखकाला दिसत नाहीत, तसेच. इथे प्रत्यक्ष प्रमाणात स्मृती मिसळते. दुसऱ्याच्या डोळ्यात ती स्मृती नसते, एवढीच त्याची पात्रता, आणि ती पुरते.

पुढचे एक उदाहरण पाहू. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरावर लाँग-ईझेड नावाचे विमान कोसळून मरण पावले. तेही हाताने बांधलेले विमान, आराखडा बर्ट रुटान यांचा. आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ चालकाच्या दोन पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती चालकाच्या डाव्या खांद्यामागे नेली. तिथे पोचायचे तर अंग वळवावे लागे. चौकशीत या बदलाचा स्पष्ट उल्लेख झाला. डेन्व्हर यांनी ते विमान बांधले नव्हते, विकत घेतले होते. म्हणजे 'माझं विमान, माझा जीव, तुम्हाला काय?' हा युक्तिवादही टिकत नाही. हाताने केलेली वस्तू करणाऱ्याच्या हातून निघून जाते, त्याने घेतलेले निर्णय मात्र तिच्यात राहतात.

मग काय, बंदी घालायची? पिसवेवर ब्रिटनमध्ये तशीच वेळ आली, परवाने थांबले. पण युद्धानंतर, १९४६ मध्ये, हौशी लोकांनीच तिथे संघटना उभारली आणि तपासनीसांची व्यवस्था लावली. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी केलेले असेल, तर विमान 'प्रायोगिक' म्हणून नोंदता येते. पण आधी साधारण २५ किंवा ४० तास, इंजिन व पंखा मान्यताप्राप्त जोडीचे आहेत की नाहीत त्यानुसार, ठरलेल्या क्षेत्रात चाचणी उड्डाणे करावी लागतात. त्या काळात हौसेसाठी मित्राला फिरवून आणता येत नाही. पुढेही विमानात पाटी लागते की हे प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांना धरून नाही. आम्हाला ही पाटी फार आवडते. उपाधी इथे लपलेली नाही, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लिहिलेली आहे.

आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. तेव्हा आपल्या बोलण्यात गच्ची होती, जिद्द होती, परवानगीसाठीचे खेटे होते. हे सगळे खरे आणि कौतुकाचे. पण 'एकटा माणूस विरुद्ध कचेरी' ही गोष्ट आपल्याला इतकी गोड लागते की तपासणी म्हणजे अडवणूकच, असे आपण धरून चालतो. कचेरी उशीर करते तेव्हा तिला जाब विचारावाच. मात्र तपासणी लवकर आणि चोख करा, हे मागणे वेगळे आणि तपासणीच नको, हे वेगळे. मिन्ये यांचे वाचक दुसऱ्या मागणीपर्यंत पोचले होते.

मिन्ये १९६५ मध्ये वारले. पुढच्या आराखड्यांत त्यांनी बदल केले आणि दोन पंखांच्या त्यांच्या कल्पनेवरची सुधारलेली विमाने नंतरही उडत राहिली. म्हणजे कल्पना मुळात वाईट नव्हती, तिची अट सापडायची होती. ती सापडली विंड टनेलमध्ये, पण तोवर माणसे गेली होती.

हे पुस्तक वाचावे का? जरूर वाचा. आपल्या हाताने काही करावे ही इच्छा इतक्या ताकदीने जागवणारी पुस्तके थोडी असतात. फक्त वाचताना शेजारी पेन्सिल ठेवा आणि जिथे लेखक म्हणेल 'मी करून पाहिले', तिथे समासात लिहा : कुठे, कोणत्या वजनाला, कुठल्या कोनापर्यंत? उत्तर सापडले नाही, तर लाकूड कापायला घेण्याआधी ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.