राजाचे ताट आणि पंक्तीचा क्रम

बडोद्यात विश्वामित्रीच्या पश्चिमेस अकोटा ही वस्ती आहे. प्राचीन अंकोट्टक ते हेच. १९५१ साली येथे अडुसष्ट जैन धातुप्रतिमांचा संचय हाती लागला, आणि डॉ. उमाकांत शाह यांच्या १९५९ च्या ग्रंथामुळे अकोट्याचे नाव कलेच्या इतिहासात कायमचे झाले. याच परिसरातील उत्खननात रोमन व्यापाराच्या खुणाही मिळाल्या आहेत. मद्य किंवा तेल भरून आणणाऱ्या परदेशी कुंभांची खापरे आहेत, आणि डॉल्फिनवर स्वार झालेल्या बालमदनाची आकृती असलेली काशाची एक मूठ आहे. भांडी अशी मागे उरतात. त्यांतले अन्न उरत नाही. अन्नाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास म्हणून ग्रंथांकडे वळावे लागते, आणि तसा एक थोर ग्रंथ बडोद्यानेच छापून ठेवला आहे.

हा ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने तो इ. स. ११२९ च्या सुमारास रचला. गायकवाड प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचे संपादन केले. पहिला भाग १९२५ साली निघाला व ज्यात ‘अन्नभोग’ हे प्रकरण येते तो दुसरा १९३९ साली. कल्याणी आज बीदर जिल्ह्यात, म्हणजे मराठी-कानडीच्या सीमेवर. सोमेश्वराची बहीण मैळलदेवी गोव्याच्या कदंब जयकेशीला दिलेली. तेव्हा हा ग्रंथ गोमंतकीय वाचकालाही अगदी परका नव्हे. त्यात ‘मत्स्यविनोद’ म्हणून मासेमारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती आणि कोणत्या माशास कोणते आमिष, हे राजा इतक्या जिव्हाळ्याने सांगतो की कोंकणी माणसाचे त्याच्याशी लगेच जमावे.

परंतु या ग्रंथाचे भाग्य विपरीत. तो वाचणारे थोडे, आणि दाखला म्हणून पुढे करणारे फार. एक म्हणतो, इडली आमचीच, पाहा, मानसोल्लासात ‘इड्डरिका’ आहे. दुसरा नदीकाठच्या शेतातील काळे उंदीर उकळत्या तेलात टाकण्याची कृती काढून पूर्वजांना हसतो. तिसरा रानडुकराचे मांस दाखवून शाकाहाराचा अभिमान खोटा पाडू पाहतो. तिघांनीही प्रकरण उघडले आहे ते आपल्या वादापुरते.

इडलीचेच घ्या. सोमेश्वराची इड्डरिका उडदाची आहे. तीत तांदूळ नाही. नाव आजचे, पदार्थ निराळा. नावे टिकतात आणि त्यांच्या आत पदार्थ बदलत जातात, हा अन्नाच्या इतिहासातला नित्याचा अनुभव आहे. नावावरून वारसा सांगणे म्हणजे दारावरच्या पाटीवरून घरात आज कोण राहतो ते ठरविणे होय.

वाङ्मय म्हणून पाहिले तर ‘अन्नभोगा’चा गुण निराळाच आहे. राजा कृती सांगतो ती जवळ उभे राहून पाहिलेल्या माणसाच्या नजरेने. केस कसे काढावे, तुकडे किती पातळ असावेत, चिंचेचे पाणी कधी घालावे, मीठ व जिरे केव्हा भुरभुरावे, हे सारे साध्या श्लोकांत येते. अलंकारांचा सोस नाही. संस्कृतात स्वयंपाकघराचा धूर इतका क्वचितच लागतो. मिरची अर्थातच नाही. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा.

दोषही लहान नाही. प्रकरणाचे नावच ‘भोग’. जेवणारा राजा, त्याचे पुत्र, आप्त व मांडलिक. ज्याने भात पिकविला त्याचे ताट या ग्रंथात नाही, आणि भूक तर कोठेच नाही. अकोट्याच्या प्रतिमा घडविणाऱ्या शतकांचा शेवट याच काळाच्या आसपास येतो. त्या प्रतिमांपुढे हात जोडणाऱ्यांच्या धर्मात अन्नाचा विचार त्यागाच्या अंगाने झाला होता. सोमेश्वराने तो उपभोगाच्या अंगाने केला. यांपैकी एकालाच धरून ‘आपले पूर्वज काय खात’ हे ठरविणारा मनुष्य अर्धाच इतिहास सांगतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पाककृती नव्हे, वाढण्याचा क्रम. आरंभी भात, मुगाचे वरण व तूप, मध्यावर गोड, शेवटी ताक. मराठी पंक्तीत बसलेल्या कोणासही हे समजावून सांगावे लागणार नाही. नऊशे वर्षांत त्या ताटात मिरची आली, बटाटा आला, टोमॅटो आला. मांडलिक गेले, राजाही गेला. पहिला वरणभात मात्र आपल्या जागी राहिला. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला, मिरची हुमणात इतकी मुरली की ती परकी होती हे कोणास आठवत नाही. तरी तेथेही शेवटच्या भातावर सोलकढी येते, म्हणजे ताकाची जागा रिकामी राहिली नाही.

बडोद्यातील मराठी घरांत या क्रमाची खरी परीक्षा झाली. गायकवाडांच्या मागोमाग आलेल्या या कुटुंबांनी गुजराती डाळीचा गोडवा आपल्या आमटीत घेतला, फाफडा घेतला, उंधियूही घेतला. परंतु गुजराती ताटात रोटली आणि शाक आधी, डाळभात अखेरीस. मराठी पानावर भात आधी. घरात येणाऱ्या सुनेला पदार्थ शिकायला फारसा वेळ लागत नसे, भात केव्हा वाढायचा हे मात्र सासूच्या डोळ्याकडे पाहून ठरे.

आता अकोट्यात कार्य निघाले की मंडपाच्या एका बाजूस लांब मेजे मांडली जातात आणि सारे पदार्थ एकाच वेळी उघडे ठेवलेले असतात. पाहुणा ताट घेऊन मनास येईल तेथून आरंभ करतो. पदार्थांची संख्या सोमेश्वराच्या मुदपाकखान्याला लाजवील अशी. मराठी पदार्थ नाहीसे होत आहेत अशी ओरड आपण करतो, पण मसालेभात, अळूची भाजी आणि श्रीखंड तेथे असतातच. नाहीसे झाले आहे ते त्यांचे आधी-नंतर. वाढपीच नाही, तेव्हा वाढण्याचा क्रम सांभाळणार कोण? परवा अशाच एका मंडपात एक वृद्ध गृहस्थ ताट घेऊन बराच वेळ उभे होते. पलीकडे रांग वाढत होती. अखेर त्यांनी दोन मेजे ओलांडून आधी भात घेतला, वरण घेतले, आणि तूप कोठे ठेवले आहे ते विचारले. मेजामागच्या मुलाने सांगितले, तूप पुरणपोळीच्या मेजावर आहे, अगदी शेवटी.