भिंतीवरची बंदूक आणि दुकानातली

कथालेखनाच्या शिबिरातून माणूस दुसरे काही घेऊन येवो न येवो, चेकॉवची बंदूक घेऊन येतोच. नाटकाच्या आरंभी भिंतीवर बंदूक दाखवली असेल तर पडदा पडण्यापूर्वी ती उडालीच पाहिजे, असा तो दंडक. आमच्या तालुक्याच्या गावी असे एक शिबिर झाले तेव्हा तिन्ही वक्त्यांनी हा दंडक सांगितला, आणि तिसरा वक्ता मी होतो. सांगताना मी कुठेही अडखळलो नाही. अडखळलो तो नंतर, जिल्ह्याच्या गावच्या एका बंदुकीच्या दुकानात. पण त्या दुकानात शिरण्यापूर्वी चेकॉवच्याच एका दुकानात जाऊन आले पाहिजे.

दंडक पत्रातला आहे, १८८९ सालचा. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८७ मध्ये, चेकॉवने एक लहानशी कथा लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘सूड घेणारा’ असा होतो. आपल्याकडे ‘डार्लिंग’ किंवा ‘वॉर्ड नंबर सहा’ यांच्यावर जेवढे बोलले जाते त्याच्या शंभरावा हिस्साही या कथेवर बोलले जात नाही. मी ती वाचली मॅट्रिकच्या इंग्रजीवर, गार्नेटबाईंच्या भाषांतरातून, मांडीवर शब्दकोश ठेवून. तेव्हा माझ्या वाचनात काही राहून गेले असेल, तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

कथानक दोन ओळींचे आहे. सिगायेव नावाच्या गृहस्थाला बायकोचा व्यभिचार प्रत्यक्ष दिसतो आणि तो तडक श्मुक आणि कंपनीच्या बंदुकीच्या दुकानात जाऊन उभा राहतो. बायकोला मारायचे, तिच्या प्रियकराला मारायचे आणि मग स्वतःला, असा त्याचा हिशेब. बस्स. पुढे सगळी कथा दुकानातच घडते. खरे म्हणजे गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे.

पलीकडे उभा आहे तो विक्रेता. गोल पोटाचा, पांढऱ्या जाकिटाचा, फ्रेंच ढंगाने बोलणारा. त्याला या माणसाच्या पोटातली आग दिसतच नाही. त्याला गिऱ्हाईक दिसते. तो स्मिथ अँड वेसनचे पिस्तूल पुढे करतो, त्याची कारागिरी वर्णन करतो, किंमत सांगतो. दरोडेखोर, लांडगे आणि प्रियकर या तिघांना ते सारखेच उपयोगी आहे अशी खात्री देतो. एका अधिकाऱ्याची हकिगत तो सांगतो. त्याने झाडलेली गोळी प्रियकरातून आरपार गेली, दिव्याला लागली, पियानोवरून उलटली, कुत्रा मेला आणि बायकोला नुसते खरचटले. हे सांगताना दुकानाच्या मालाचा अभिमान त्याच्या आवाजात आहे. तो अधिकारी आता काळ्या पाण्यावर जाणार, हेही तो सहज बोलून जातो.

आणि इथे कथा वळते. सिगायेवच्या मनात प्रथमच काळे पाणी येते. आपण गेलो तर बायको मोकळी राहणार. मग तिला न मारता प्रियकराला मारावे काय? की स्वतःलाच मारावे, म्हणजे ती पश्चात्तापाने झुरेल? पण आपण मेल्यावर ते झुरणे पाहणार कोण? विक्रेता एकेक नग काढतो आहे आणि सिगायेवच्या यादीतून एकेक मरण कमी होते आहे. शेवटी कोणीच मरायचे उरत नाही. पण विक्रेत्याचा एवढा वेळ घेतला, काहीच न घेता जायचे कसे? म्हणून तो भिंतीवर टांगलेले लावे पकडायचे जाळे विकत घेतो आणि घरी जातो.

या कथेत शेकडो बंदुका आहेत आणि एकही उडत नाही. दंडक सांगणाऱ्यांनी ही कथा वाचली असती तर दंडकाची वाक्ये थोडी सावकाश उच्चारली असती, असे मला वाटते.

मग ती न उडण्याचे कारण काय? विनोद म्हणून आपण हसतो आणि पुढे जातो. पण ही कथा तीन-चारदा वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की सिगायेवला कोणी उपदेश केलेला नाही. धर्म आडवा आला नाही, कायदा आला नाही, प्रेमही आले नाही. आडवा आला तो वेळ. दुकानात माल पाहायला, भाव ऐकायला, नकार द्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात राग स्वतःकडे पाहू लागतो. राग स्वतःकडे पाहू लागला की संपलाच. विक्रेत्याला हे करायचे नव्हते. त्याला एक पिस्तूल विकायचे होते. विकण्याच्या धडपडीत त्याने तीन जीव वाचवले, आणि आपण काय केले हे त्याला कळलेसुद्धा नाही. कथेतला खरा विनोद हा आहे.

आता माझे दुकान. माझे म्हणजे मी जिथे गेलो ते. १९९४ च्या पावसाळ्यात माझे बाबा भाताच्या राखणीला मांगरात बसले होते. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. कोकणात ही गोष्ट नवलाची नाही. दारू ओतायची, चिंध्या ठासायच्या, छरे टाकायचे, पुन्हा गजाने ठासायचे, टोपी बसवायची. अंधारात खसखस झाली म्हणून बाबांनी चाप ओढला. पडले ते डुक्कर नव्हते, शेजाऱ्याचे रेडकू होते. शेजारी काही बोलला नाही. बाबांनी रेडकाचे पैसे चुकवले, बंदूक साफ करून भिंतीला लावली आणि पुन्हा कधी भरली नाही. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. रेडकाच्या जागी राखणीला आलेला शेजाऱ्याचा मुलगा असता, हे बाबा एकदाच बोलले. तो मुलगा माझ्या वर्गात होता.

परवाना मात्र ते दर तीन वर्षांनी न चुकता नवा करून आणत. २०२१ मध्ये ते गेले. म्हणजे सत्तावीस वर्षे ती बंदूक आमच्या भिंतीवर होती आणि उडाली नाही. आमच्या घरातले सगळे नाटक ती न उडण्यातच होते. आई तिच्याखाली केर काढताना मान वर करीत नसे.

परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच तशी तरतूद आहे. म्हणून मी ती गोणपाटात गुंडाळून, कागदपत्रांसह, जिल्ह्याच्या गावी नेली.

दुकान दहा पावले लांब आणि चार पावले रुंद. रंग उडालेली पाटी. आत शिसवी कपाट, काचेमागे उभ्या बंदुका, चापाभोवतीच्या कड्यांतून ओवलेली एकच लांब साखळी आणि तिला कुलूप. तेलाचा वास. भिंतीवर सांबराची शिंगे, त्यांच्यावर धूळ. गल्ल्यामागे सत्तरी ओलांडलेले काका. त्यांनी बाबांची बंदूक हातात घेतली, घोडा मागे ओढून पाहिला, नळीत डोकावले आणि म्हणाले, “स्वच्छ ठेवलीय. भरत नव्हते वाटतं?” माझ्या घशात काहीतरी आले. मी मान हलवली.

त्यानंतर मी वर्षातून दोन-तीनदा तिथे जात आलो. बंदूक ठेवण्याचे भाडे देणे हे निमित्त. मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्या कपाटाची मी अनेक रेखाटने केली आहेत. काकांनी मला पुष्कळ शिकवले. बारा बोर म्हणजे काय हे मला चाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हते. एक रत्तल शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोरची नळी. म्हणून बोराचा आकडा वाढला की नळी लहान होते. छऱ्यांचेही तसेच, आकडा मोठा, छरा बारीक. काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्याची, बंदुका इशापूरच्या, रिव्हॉल्व्हर कानपूरचे. एखादी जुनी विलायती दुनळी येते ती कोणाच्या तरी आजोबांची. परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकातच थांबली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारी गिऱ्हाईक गेले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली. उरले ते शेतकरी आणि बँकांचे पहारेकरी. दिवसचे दिवस दुकानात कोणी येत नाही, पण काका रोज नोंदवही उघडून तारीख लिहितात.

या नोंदवहीनेच माझी फजिती केली. माझ्या कादंबरीचा नायक अपमानाने पेटून तालुक्याला जातो, दुनळी विकत घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येऊन सूड उगवतो. हे सर्व मी तीन वाक्यांत आटोपले होते. परीक्षणांतून त्या प्रकरणाच्या वेगाची वाखाणणी झाली होती. काकांनी कादंबरी मागून घेतली, चष्मा पुसून पुसून वाचली आणि पुढच्या खेपेला एकच प्रश्न विचारला.

“मास्तर, तुमच्या माणसाला काडतुसं दिली कोणी?”

मी गप्प. मग ते समजावू लागले. आधी अर्ज, मग पोलिसांची चौकशी, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांची सही. किती काडतुसे दिली ते परवान्यावर लिहायचे, वहीत लिहायचे. “त्या दिवशी माझ्याकडून तो रिकाम्या हाताने गेला असता. आणि सहा महिन्यांनी परवाना घेऊन आला असता, तर कशासाठी आलो हे तरी त्याला आठवलं असतं का?”

जे चेकॉवने श्मुकच्या दुकानात दाखवले होते तेच काका मला सांगत होते, आणि त्यांनी चेकॉवचे नावही ऐकलेले नव्हते. मी दंडक पाठ केला होता आणि दुकान पाहिले नव्हते. माझी चूक तपशिलाची असती तर मी तिचे एवढे मनावर घेतले नसते. पण राग आणि गोळी यांच्यामधले सगळे अंतर मी खाऊन टाकले होते. माणसाचे माणूसपण ज्या अंतरात असते तेच मी वेगाच्या नावाखाली गाळले, आणि वाचकाला सांगितले की अपमान झाला की बंदूक हाताशी असते. आपल्या कथा-कादंबऱ्यांत पाटलाच्या, इनामदाराच्या भिंतीवर बंदुका पुष्कळ आहेत. त्या जिथून आल्या ते दुकान मात्र मला कुठे भेटल्याचे आठवत नाही.

येथे एक आक्षेप मीच घेतो. अशा दुकानाच्या प्रेमात पडणे कितपत बरे? गावठी कट्ट्याची कुठल्याच वहीत नोंद नसते. आणि वहीत नोंद असलेली बंदूकही माणूस मारते. रानडुक्कर समजून माणसावर बार टाकल्याच्या बातम्या आमच्या भागात अधूनमधून येतातच. तेलाचा वास, शिसवी कपाट, म्हातारा दुकानदार, या सगळ्याने मन हळवे होते आणि कपाटात काय आहे ते विसरायला होते. मी काकांना हे विचारले. त्यांनी वहीतले एक जुने पान काढले, माझ्याकडे वळवले नाही, स्वतःच पाहिले आणि मिटले. म्हणाले, “मी विकतो ते लिहून ठेवतो. पुढचं मला लिहिता येत नाही.”

पुढचे लिहिणे हे आमचे काम. चेकॉवने ते आयुष्यभर केले, आणि त्याची बंदूक हळूहळू बदलत गेली. ‘सीगल’मध्ये ती उडते आणि माणूस मरतो. ‘अंकल वान्या’मध्ये ती दोनदा उडते आणि दोन्ही वेळा नेम चुकतो. १९०४ च्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये एकाच्या खिशात पिस्तूल आहे, एकीच्या हातात बंदूक आहे, आणि दोन्ही उडत नाहीत, ऐकू येते ती झाडांवरची कुऱ्हाड. दंडक घालणाऱ्यानेच तो असा सोडत आणला. ‘सूड घेणारा’ ही काही त्याची थोर कथा नव्हे. सत्ताविसाव्या वर्षीचे ते हलकेफुलके लेखन आहे. सिगायेव कळसूत्री बाहुली वाटतो आणि बायको तर कथेत येतच नाही. तिची बाजू चेकॉवला ऐकू यायला आणखी काही वर्षे जावी लागली. पण पुढच्या न उडणाऱ्या बंदुका या दुकानातून आल्या, असे मी म्हणतो.

राहता राहिली बाबांची बंदूक. शेती भाऊ करतो. डुकरे वाढली आहेत, भात हाती लागत नाही. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी निराळी लागते. पण निदान परवाना आपल्या नावावर व्हावा असे त्याला वाटते. त्यासाठी माझी हरकत नसल्याची सही हवी. कागद तयार आहे. भाताला आलेली डुकरे चेकॉव वाचत नाहीत, हे मलाही समजते. सत्तावीस वर्षे बंदूक न भरणाऱ्या बाबांनाही भात तर लागतच होता. शेजाऱ्याचा तो मुलगा आता मोठा बागायतदार आहे, आणि राखणीला त्याचा मुलगा येतो.

सही मी अजून केलेली नाही. भाऊ घाई करीत नाही. परवा भाडे द्यायला गेलो तेव्हा काकांनी वहीत नेहमीप्रमाणे तारीख घातली, बंदुकीचा नंबर लिहिला आणि पावती माझ्या हातात देत म्हणाले, “बसा मास्तर. चहा येतोय.”