वर्ष कोणाचं बदलतं? पाडवा, आखाजी आणि हिशेबाची वही



संयोजकांनी मला विषय दिला: 'गुढीपाडवा, परंपरा आणि अर्थ'. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला 'अर्थ' हा शब्द दिला की तो आधी विचारतो, अर्थ म्हणजे काय? घाबरू नका, फार खोलात नेणार नाही. दुपारी पारा चाळिशीच्या पुढे होता, भिंती अजून तापलेल्या आहेत. पोथीत या दिवसांना वसंत म्हणतात. आपल्या यावल-रावेरकडचा केळीवाला याला वसंत म्हणत नाही, तो बागेच्या कडेला वारा अडवायला काय लावावं या चिंतेत असतो. पोथीतला ऋतू आणि अंगावरचा ऋतू यांत जे अंतर आहे, तेच मला आज सणाच्या बाबतीत दाखवायचं आहे.

पाडवा जवळ आला की अर्थांचा पाऊस पडतो. ब्रह्मदेवानं या दिवशी सृष्टी निर्माण केली. राम अयोध्येला परतला. शालिवाहनानं शकांना हरवलं. कडुनिंबानं रक्त शुद्ध होतं. आणि आता मोबाईलवर नवा अर्थ आलाय, की तांब्याचा पालथा गडू आकाशातल्या लहरी खेचतो! लहरी पकडायला तांब्या पुरला असता तर टॉवर उभारायला कंपन्या इतका पैसा कशाला ओतत्या?

पण थट्टा बाजूला ठेवू. एखाद्या अर्थाची परीक्षा कशी करायची? माझी कसोटी साधी आहे. जो अर्थ कुठंही चिकटवता येतो, तो त्या गोष्टीचा अर्थ नव्हे. राम परतला म्हणून आपण दिवाळी करतो असंही सांगतो. परतणं एक आणि सण दोन, असं कसं? शालिवाहन शकाचं तर गंमतीचंच आहे. हा शक इसवी सन ७८ पासून मोजतात. ही गणना सुरुवातीला दिसते ती पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांच्या लेखांत. शालिवाहनाचं नाव तिला कित्येक शतकांनी जोडलं गेलं. म्हणजे ज्यांना हरवलं म्हणतो त्यांचीच दिनदर्शिका आपण विजेत्याच्या नावानं वापरतो आहोत. यात मला कमीपणा वाटत नाही. उलट, संस्कृती अशीच चालते. फक्त तिला विजयाची पावती म्हणून फडकवू नये.

दुसऱ्या बाजूनंही एक अर्थ सांगितला जातो, त्याचीही परीक्षा व्हायला हवी. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ला, फाल्गुन अमावास्येला झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. म्हणून गुढी त्या हत्येनंतर सुरू झाली, असं काही जण म्हणतात. त्यामागचं दुःख मला समजतं. त्या दिवशी कुणाला गुढी उभारावीशी वाटली नाही तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात गुढी आहे. चोखोबांच्या अभंगातली पंढरीची वाटही गुढी उभारून चालायची आहे. हे दोघे संभाजीराजांच्या साडेतीनशे वर्षं आधीचे. दुःख खरं असलं तरी इतिहास चुकीचा असू शकतो. आणि गुढी फक्त एका जातीची, हा दावाही चोखोबांपुढे टिकत नाही.

मग ही काठी आली कुठून? महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसूची गोष्ट आहे. इंद्रानं त्याला वेळूची काठी दिली. संवत्सर संपताना त्यानं ती जमिनीत रोवली, वस्त्रं आणि माळा घालून उभी केली. गुढीच्या सर्वांत जवळ जाणारी ही कथा आहे. तुम्हाला आणखी जवळची पाहायची असेल तर सातपुड्यात चला. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याकडे काठी नावाचं गावच आहे. तिथली आदिवासींची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथं उंच बांबू आणून, सजवून, रात्रभर नाचून होळी पेटवतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी आपण आपल्या दारात बांबू सजवतो. मी असं म्हणत नाही की एकातून दुसरं निघालं. एवढंच म्हणतो, की वर्षाच्या सांध्यावर वेळू उभा करणं ही फार जुनी आणि फार लोकांची गोष्ट आहे.

आता वर्षाकडे येऊ. आपण 'हिंदू नववर्ष' हा शब्द फार सहज वापरतो. डोंबिवलीत १९९९ साली पाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि ती पुढे शहराशहरांत पोचली. तरुण मुलंमुली नटून रस्त्यावर येतात, मला आवडतं ते. पण 'हिंदू नववर्ष' म्हटलं की प्रश्न येतो, कुठल्या हिंदूंचं? बंगाल, तमिळनाडू, केरळ, पंजाब यांचं वर्ष सौर, ते एप्रिलच्या मध्याला. गुजरातचं कार्तिकात. आपल्याच बाजारपेठेत वह्यापूजन दिवाळीला होतं, सोसायटीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि शाळेचं जूनमध्ये सुरू होतं. उत्तरेकडे तर आणखी मौज. तिथं महिना पौर्णिमेला संपतो. म्हणजे होळीनंतर लगेच चैत्र लागतो आणि वर्ष बदलतं पंधरा दिवसांनी, महिन्याच्या मध्यावर! गीतेच्या दहाव्या अध्यायात एकाच श्लोकात श्रीकृष्ण म्हणतात, महिन्यांत मी मार्गशीर्ष आणि ऋतूंत वसंत. दोन्हींचा मेळ बसवायला आपण आजवर धडपडतो आहोत. मेघनाद साहांच्या समितीनं सगळ्यांचा मेळ घालून राष्ट्रीय दिनदर्शिका दिली. ती २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र १८७९ या दिवशी लागू झाली. आकाशाच्या हिशेबानं ती चोख आहे. पण त्या दिवशी कुणी पुरणपोळी केल्याचं मी पाहिलं नाही.

यातून काय निघतं? वर्तुळाला सुरुवात नसते. सुरुवात माणसं ठरवतात. पण 'ठरवलेलं' म्हणजे खोटं, असं समजू नका. वचनही ठरवलेलंच असतं. वर्षाचा पहिला दिवस हे एक वचन आहे, आणि वचन कुणीतरी कुणालातरी देतं. म्हणून 'पाडवा कशामुळे?' यापेक्षा मला 'पाडव्याला कोण कोणाला काय देणं लागतो?' हा प्रश्न जास्त खरा वाटतो.

आपल्या खानदेशात याचं उत्तर पाडव्यापेक्षा आखाजीला मिळतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं घागर भरतात. बहिणाबाईंनी गुढीवरही गाणं रचलं आणि आखाजीवरही. असोद्याच्या त्या लेकीला दोन्ही सण ठाऊक होते. पण आखाजीला आणखी एक गोष्ट होते. सालदाराचं साल ठरतं. काही भागांत ते पाडव्याला ठरतं, आमच्या घरी आखाजीला ठरायचं. रक्कम किती, धान्य किती, जोडा, घोंगडी, आणि उचल किती. मग वही उघडायची. खाडे मोजायचे, उचल वळती करायची, उरलं ते हातावर ठेवायचं.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. अक्षर बरं म्हणून वडील मला वही वाचायला बसवत. त्या वर्षी मुलीचं लग्न आणि बायकोचं आजारपण यामुळे सालदारभाऊंची उचल सालापेक्षा जास्त झाली होती. मी आकडा वाचला. ते खाली बघत म्हणाले, "आप्पा, मागचं पुढं चालू द्या." वडिलांनी चालू दिलं. सगळ्यांना तो चांगुलपणा वाटला. मलाही वाटला, कारण मी तेव्हा तेवढाच होतो. मी नव्या पानावर, सगळ्यात वर, जुना आकडा लिहिला. मग आम्ही आमरस-पुरणपोळी जेवलो. ते भाऊ पडवीत जेवले.

पुढे चाळीस वर्षं मी काळाचं तत्त्वज्ञान शिकवलं. कांट शिकवला, बौद्धांचा क्षणवाद शिकवला. पण नवं वर्ष म्हणजे काय, हे मला त्या पानानं शिकवलं. आमचं वर्ष बदललं. त्यांचं बदललं नाही. ज्याच्या नव्या पानावर पहिली ओळ जुन्या कर्जाची असते, त्याच्यासाठी पंचांग फिरत नाही.

आणि ही माझी आधुनिक कल्पना आहे असं समजू नका. परंपरेलाच हे ठाऊक आहे. विक्रमादित्यानं पृथ्वी ऋणमुक्त केली आणि मग आपला संवत सुरू केला, असं जैन कथा सांगतात. नेपाळ संवताची कथाही तशीच. इसवी सन ८७९ मध्ये शंखधर साख्वा नावाच्या माणसानं लोकांची कर्जं फेडली आणि वर्ष पुन्हा एकापासून मोजायला सुरुवात झाली. या कथा घडल्या तशाच घडल्या का, हा वेगळा प्रश्न. पण त्या रचणाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. नवा शक सुरू करायचा हक्क लढाई जिंकून पुरत नाही, त्यासाठी लोकांच्या डोक्यावरचं ओझं उतरवावं लागतं. शोभायात्रेत आपण शालिवाहनाचा रथ नेतो. त्या रथावर ही कथा कधी दिसली नाही.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही सणाचा जमाखर्च करून टाकलात. पण बघा, कडुनिंब आणि गाठी आपण एकत्र देतो. कडू आधी, गोड नंतर. हिशेबही तसाच असतो. कडू आकडा न वाचता गोड खाणाऱ्यांचा हा सण नाही.

आणि हे मी फैजपुरात बोलतो आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथं भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. इथं शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला. त्यात कर्जाचा भार हलका करायची मागणी होती, आणि शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी हीही होती. माझ्या लेखी तोही या गावानं मांडलेला वर्षारंभ होता. त्यातलं किती झालं, हे प्रत्येकानं आपापल्या वहीत पाहावं.

तेव्हा गुढी उभारा. बांबू, साडी, गाठी, पालथा गडू, काहीच सोडू नका. फक्त त्या दिवशी, किंवा आखाजीला, घरातली एक वही उघडा. शेतात, घरात, दुकानात जो आपल्याकडे राबतो त्याच्या पानावर काय लिहिलंय ते पाहा. एखादा आकडा पुढे न नेता खोडता येतो का, विचार करा.

आमच्या त्या वहीतला आकडा कुणी खोडला नाही. वही माझ्याकडे आहे. अक्षर माझंच आहे.