आठातली सहा वर्षं

श्रीमंत घरची मुलगी, कफल्लक मुलगा, एक गुपित आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा भेट. जुन्या काळातल्या प्रेमकथांचा हा मसाला आज फोनवर हवा तेवढा मिळतो. त्यात खलनायकही बहुतेकदा ठरलेला असतो : समाज. तो आडवा आला नसता, तर दोघं कधीच सुखी झाली असती.

जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ वरवर तशीच वाटते. ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, १८१७च्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. १८०६मध्ये एकोणीस वर्षांची अ‍ॅन एलियट फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदल अधिकाऱ्याशी लग्न ठरवते. त्याच्याकडे ना पैसा, ना मोठं घराणं. सरदारकीच्या तोऱ्यातले वडील नाराज होतात, आईच्या जागी असलेली लेडी रसेल तिला समजावते, आणि अ‍ॅन ठरलेलं लग्न मोडते. आपल्याकडे म्हणतात तसं, स्थळ तोलामोलाचं नव्हतं.

आठ वर्षांनी वेंटवर्थ परततो, तेव्हा फासे उलटलेले असतात. युद्धात शत्रूची जहाजं पकडून त्याने पंचवीस हजार पौंड कमावलेत. उधळ्या एलियटांना मात्र आपला वाडा भाड्याने द्यावा लागलाय, तोही वेंटवर्थच्याच बहिणीला आणि तिच्या अ‍ॅडमिरल नवऱ्याला.

त्यांचं जुनं नातं जवळपास कुणालाच माहीत नाही. इतर मंडळी नाचतात, त्यांत तोही असतो, आणि अ‍ॅन पियानो वाजवत बसते. २०२२च्या नेटफ्लिक्सच्या चित्रपटात ती कॅमेऱ्याकडे बघून आपल्याला सगळं सांगून टाकते. तिथेच तो चित्रपट फसतो. गुपित जड होतं ते सांगायला कुणी नसतं म्हणून. चित्रपटातल्या अ‍ॅनला आपण आयतेच मिळतो.

पण या कादंबरीचं खरं धाडस शेवटाकडे आहे. दोघांचं जुळल्यावर वेंटवर्थ एक प्रश्न विचारतो : १८०८मध्ये मला जहाजाची कप्तानी मिळाली होती, हातात थोडे हजार पौंडही होते, तेव्हा पत्र लिहिलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस? अर्थातच, हे तिच्या उत्तरातून कळतं. मग तो कबूल करतो की आपण लिहिलं नाही ते निव्वळ मानीपणामुळे. म्हणजे आठांतली दोन वर्षं समाजाने खाल्ली. उरलेली सहा त्याने स्वतः.

ही सहा वर्षं किती महाग पडू शकली असती, हे कादंबरीत आधीच दिसलेलं असतं. वेंटवर्थचा मित्र बेनविक लग्नासाठी पैसा आणि बढतीची वाट बघत होता. दोन्ही मिळाली, पण ती बातमी ऐकायला त्याची फॅनी जिवंत राहिली नाही.

माझी एक तक्रार राहतेच. वेंटवर्थ रिकाम्या हाताने परतला असता, तर काय झालं असतं? ऑस्टिन ती परीक्षा घेत नाही. दुसरी संधी इथेही पैशाच्याच दारातून येते. तरीही, वर्गाची भिंत खरी असताना तिच्या नावावर नेमकी किती वर्षं मांडायची, हा हिशेब ती नायकालाच करायला लावते. बहुतेक प्रेमकथांचे नायक त्यातून सहज सुटतात.